दापोलीकडच्या उतारावर घर बांधलं, त्या आर्किटेक्टच्या कामाचा रिव्ह्यू (एक पावसाळा काढून मग लिहितेय)

गृहप्रवेश झाला ३० एप्रिल २०२५ ला, अक्षय्य तृतीयेला, तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीचे विचारतायत की आर्किटेक्ट कोण, किती घेतले, काम कसंय. मी मुद्दाम थांबले होते. कोकणात उतारावर घर बांधलं की एप्रिल-मेमधे ते कुणालाही सुंदरच दिसतं, समोर समुद्र, वारा, फोटो काढले की झालं. खरं काय ते पाऊस सुरू झाल्यावर कळतं. आता एक अख्खा पावसाळा आम्ही त्यात काढलाय म्हणून लिहितेय. लांबलंय, पण ज्यांना खरंच उतारावर बांधायचंय त्यांना उपयोगी पडेल असं वाटतं म्हणून काही गाळलं नाही. मॅडमचं नाव इथं लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही आणि खाली तक्रारीपण आहेत.

आधी जागेबद्दल. हर्णैच्या अलीकडं आमची वाडी. सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं जुनं घर खाली आगरात होतं, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याची पडवीची सगळी कौलं गेली, मागचा वासा मोडला, माड पोफळी तर किती पडल्या मोजलं नाही. त्या घराचे वाटेकरी चार, दुरुस्तीवरनं सगळ्यांचं एकमत होईना, शेवटी वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला आली वरची डोंगराची जमीन, चोवीस गुंठे वरकस. पूर्वी तिथं नाचणी-वरी व्हायची. वरच्या रस्त्यापासून खालच्या गडग्यापर्यंत जवळजवळ पंचेचाळीस फुटांचा फरक. म्हणजे वरून बघितलं तर खालच्या फणसाचा शेंडा आपल्या पायाशी. पण नजर उचलली की समोर सुवर्णदुर्ग, हर्णै बंदरातल्या होड्या, आणि संध्याकाळी तर काय बोलावं. ती जागा बघून आमच्या मुलांनी ठरवूनच टाकलं की घर इथंच.

पहिल्यांदा आम्ही आर्किटेक्टकडे गेलोच नव्हतो हे आधी सांगते. तालुक्यातल्या एका कंत्राटदाराला दाखवली जागा, तो म्हणाला काळजी करू नका, पोकलेन लावून चार दिवसात सपाट करून देतो, मागं अठरा फुटी भिंत उभी करू, पुढं भराव टाकू, वर तुम्हाला हवं तसं घर. आम्हाला ते पटलं होतं, खरंच पटलं होतं, कारण सपाट जागेवरच घर बांधतात एवढंच आपल्याला माहीत असतं. टोकन द्यायचं बाकी होतं. आणि २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत दरड आली. नाना दोन दिवस टीव्हीसमोर बसून होते, जेवले पण नीट नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले डोंगर कापून मी झोपणार नाही त्याच्याखाली, आधी कुणी शिकलेला माणूस आणा. तिथनं आमचा शोध सुरू झाला.

मॅडम चिपळूणच्या, एका ओळखीच्या डॉक्टरांच्या घरी त्यांचं काम बघितलं होतं. फेब्रुवारी २०२२ मधे भेटलो. फी बांधकाम खर्चाच्या ८ टक्के, सर्व्हे आणि मातीची तपासणी वेगळी, बारा साइट व्हिजिट धरलेल्या. आम्हाला वाटलेलं महिनाभरात प्लॅन हातात येईल. जागा बघून मॅडम म्हणाल्या, "मला एक पावसाळा द्या. पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं ते बघितल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही." तेव्हा आम्हाला राग आला होता. भावोजी तर म्हणाले की हे फी वाढवायचं तंत्र आहे. पण आज जर कुणी मला विचारलं की त्या ८ टक्क्यांमधली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली तर मी हेच सांगेन, तो थांबलेला पावसाळा. बाकी सगळं, ते दिसायला छान वगैरे, त्याच्यानंतर.

जुलै २०२२ मधे मॅडम भर पावसात आल्या, रेनकोट, गुडघ्यापर्यंत गमबूट, बरोबर त्यांचा एक मुलगा आणि बांबूच्या खुंट्या. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत त्या उतारावर होत्या. जिथं जिथं पाण्याचा ओघळ होता तिथं खुंटी ठोकून लाल फडकं बांधायचं, असं करत करत खालपर्यंत. मग जुन्या घरात येऊन चहा घेता घेता आमच्या सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही इथं किती वर्षं बघताय, उपळ कुठं फुटते?" आईंनी लगेच सांगितलं, (उपळ म्हणजे पावसाळ्यात जमिनीतनं फुटणारा झरा) त्या किंजळीच्या झाडाखाली डाव्या अंगाला, नवरात्रापर्यंत तिथली माती ओली असते, तिथं म्हैस रुतली होती एकदा. मॅडमनी तो कोपरा कागदावर गोल केला आणि म्हणाल्या इथं काहीच बांधायचं नाही, भिंतपण नाही. आजवर घरातल्या कुठल्याही कामात आईंना कुणी असं काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलेल्या जागेवरून घराची जागा ठरली. मला ते फार आवडलं.

त्याच्यानंतर कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजून काढलेला नकाशा, आणि तीन ठिकाणी दहा फूट खोल खड्डे. ह्या खड्ड्यांबद्दल नीट लिहिते कारण कोकणातल्या बऱ्याच जागांना लागू पडेल. वर लाल माती, मग जांभा, आणि त्याच्याखाली पांढरट गुलाबी रंगाची चिकट मऊ माती. जांभा भोकाभोकाचा असतो, पावसाचं पाणी त्यातनं सरळ खाली झिरपतं, पण त्या चिकट थरावर येऊन अडतं आणि मग उताराच्या दिशेनं सरकायला लागतं. म्हणजे वरचा जांभा कितीही घट्ट दिसला तरी तो त्या ओल्या थरावर बसलेला असतो. असा उतार तुम्ही पायथ्याला उभा कापला की वरच्या वजनाला खालनं जो आधार होता तोच गेला. तो कंत्राटदार नेमकं तेच करणार होता, आमच्याच पैशानी. आमच्या तिसऱ्या, सगळ्यात खालच्या खड्ड्यात हा थर पाच फुटांवरच लागला, म्हणून घर वरच्या बाजूला सरकवलं. भावोजींना घर खाली हवं होतं, आगराजवळ, ते नाराज झाले, पण खड्ड्यात उतरून स्वतः हातात ती माती घेतली आणि मग काही बोलले नाहीत.

नियमाचंपण बघायला लागतं. आपल्याकडे १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, म्हणजे पाच फूट पुढं गेलं की एक फूट खाली, याच्यापेक्षा जास्त उतार असेल तर नाही. आमच्या जमिनीचा खालचा भाग त्याच्यात बसतच नव्हता, वरचा साठ फुटांचा पट्टा बसत होता, तिथं साधारण १:६ आहे. सर्व्हे नसता तर हे कळलंच नसतं आणि प्लॅन काढून, पैसे घालवून मग नकार आला असता. जमीन घेणाऱ्यांनी तर आधी हे करा, मग व्यवहार करा.

आता घर. साठ फुटांत दहा फूट उतार, म्हणजे एक अख्खा मजला. मॅडमनी तो सपाट करायच्या ऐवजी घरच तीन पायऱ्यांत बसवलं, पाच पाच फुटांच्या फरकानं. रस्त्याच्या लेव्हलला गाडी, पुढची पडवी, स्वयंपाकघर, देवघर आणि आई-नानांची खोली, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना गाडीतनं उतरून जेवायला, झोपायला, बाथरूमला एकही पायरी चढावी लागत नाही. हे त्यांनी आम्ही न सांगता केलं. तिथनं दहा पायऱ्या उतरलं की मोठी बसायची खोली आणि समुद्राकडची दुसरी पडवी. अजून दहा पायऱ्या उतरलं की आमची आणि मुलांची खोली, आणि तिथनं बाहेर पडलं की जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, खाली आगरापर्यंत. आतनं एका लेव्हलवरून दुसऱ्या लेव्हलचं दिसतं, ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात असले तरी खाली मुलं काय करतायत कळतं, आणि नाना वरनं हाक मारतात तर मोबाइल लागत नाही. सतराशे चौरस फुटांचं घर आहे पण कुणी आलं की म्हणतात पंचवीसशेचं असेल.

सपाट प्लॅनपेक्षा हे राहायला वेगळं आहे हेपण सांगायला हवं. आईंचे गुडघे असे की मधल्या खोलीत त्या दिवसातनं एकदाच उतरतात, संध्याकाळी. टीव्ही मधल्या खोलीत होता तो शेवटी वर आणावा लागला. दिवाळीत फराळाचे डबे, गाद्या, पाहुण्यांच्या बॅगा, सगळं पायऱ्यांवरनं. ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे किंवा लवकरच लागेल असं वाटतंय त्यांनी याचा नीट विचार करा, वरच्या लेव्हलला अजून एक खोली मागून घ्या.

मागची भिंत, म्हणजे रिटेनिंग वॉल, एकच उंच न करता पाच पाच फुटांच्या तीन केल्या, मधे जागा सोडून. भिंतीच्या मागं दगडगोट्यांचा थर, आणि भिंतीला भोकं ठेवलेली, पाणी साठू नये म्हणून. जुलैमधे पाऊस थांबल्यानंतरसुद्धा त्या भोकांमधनं दोन दोन दिवस पाणी येत होतं, ते बघितलं की कळतं की हे पाणी आत अडकलं असतं तर भिंतीवर किती भार आला असता. सगळ्यात वर, रस्त्याच्या कडेला, एक आडवा चर काढलाय, डोंगराचं पाणी तिथंच पकडून बाजूच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला देतो. छपराचं पाणी वेगळं. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमचं छप्पर दोन हजार चौरस फूट, म्हणजे एका पावसाळ्यात साडेसहा लाख लिटर पाणी फक्त छपरावरनं येणार. मॅडमनी हा हिशोब आम्हाला पहिल्याच मीटिंगला करून दाखवला होता आणि विचारलं होतं हे कुठं जाणार सांगा. सपाट जागेत पागोळ्या अंगणात पडल्या तर पडल्या, उतारावर तेच पाणी आपल्याच पायाखाली जातं. आमच्या इथं पन्हळातनं पाइपात, पाइपातनं खालच्या विहिरीजवळच्या खड्ड्यात. शोषखड्डापण घराच्या खाली, विहिरीपासून लांब, एका अंगाला. पाण्याची मोठी टाकी आम्हाला वर रस्त्याच्या कडेला भरावावर हवी होती, प्रेशर चांगलं येतं म्हणून, ती त्यांनी करू दिली नाही. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन वजन, आणि गळली तर बारा महिने पाणी उतारात. टाकी जांभ्याच्या पक्क्या खडकावर दुसरीकडं बसवली, पंचवीस फूट जास्त पाइप लागला एवढंच.

भावोजींचा अजून एक हट्ट होता, मधल्या खोलीची गच्ची बारा फूट अधांतरी पुढं काढायची, खाली खांब नाही, इन्स्टाग्रामवर असतं तसं. स्ट्रक्चरवाले सर म्हणाले करता येतं, सळई जास्त लागेल, पण खाऱ्या हवेत ती सळई गंजली तर दुरुस्ती अवघड. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांचं फॉलिंगवॉटर, धबधब्यावरचं जगप्रसिद्ध घर आहे, त्याच्या तशाच पुढं काढलेल्या गच्च्या हळूहळू खाली वाकत गेल्या आणि २००२ मधे केबल टाकून ताणून सावराव्या लागल्या, हे त्यांनी सांगितलं. मग मॅडमनी लॉरी बेकर यांच्या तिरुवनंतपुरमच्या घराचे फोटो दाखवले, टेकडीच्या उतारावर, खडक न फोडता जागा मिळेल तसं वाढवत नेलेलं. ते बघून नानाच म्हणाले मला असं पाहिजे. गच्ची चार फूट पुढं आहे, खाली दोन खांब आहेत, आणि तिच्यावर बसून चहा पिताना कुणाला खांब दिसत नाहीत.

काँक्रीटवरनं मिस्त्री आणि सरांचं बरंच वाजलं. मिस्त्री म्हणे घराला एम २० (काँक्रीटची ताकद सांगणारा ग्रेड, आकडा मोठा तेवढं मजबूत) पुरतं, आजवर शंभर घरं केली. सरांनी बाहेर उघड्या राहणाऱ्या भागाला एम ३० च पाहिजे आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, पाहिजे असं लिहूनच दिलं, समुद्राच्या हवेसाठी कोडमधेच तसं आहे म्हणाले. खर्च वाढला. पण वाडीतल्याच एका पंधरा वर्षांच्या बंगल्याचे स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसतेय ती आम्ही जाऊन बघून आलो, मग काही बोललो नाही.

छपराबद्दल. निसर्गनंतर वाडीतल्या निम्म्या लोकांनी कौलं काढून पत्रे घातले. अजून एक कारण म्हणजे माकडं, कळप आला की एका सकाळी पन्नास कौलं फुटतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती चाळायला माणूस मिळत नाही. मॅडमनी खालच्या दोन छपरांना उतरता स्लॅब दिला, जिथं माकडं झाडावरनं उड्या मारतात तिथं, आणि फक्त वरच्या पडवीला मंगलोरी कौलं, खाली गॅल्वनाइज्ड लोखंडाचा सांगाडा, तो काँक्रीटच्या बीमला बोल्टनी बांधलेला, कडेची कौलं तारेनी बांधलेली. बाहेरनं बघताना घर कोकणातलं दिसतं आणि खर्च अर्ध्या कौलांचा. नानांना पडवी म्हणजे कौलंच पाहिजे होती, ते खूश आहेत.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे मधल्या खोलीची समुद्राकडची काच. बारा फुटांची, नैऋत्येला. आम्हीच मागितली होती, सुवर्णदुर्ग दिसला पाहिजे म्हणून, आणि मॅडमनी इशारा दिला होता की पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही इथनंच येणार, म्हणून पुढं आठ फुटांची पडवी ठेवली. पण तिथं बाजूला ज्या सरकत्या खिडक्या निवडल्या त्या त्यांच्याच पसंतीच्या, आणि त्या चुकल्या. झड आली की खालच्या पट्टीत पाणी साठतं, भोकं लहान, वारा ते पाणी उचलून आत टाकतो. जूनमधे रोज रात्री टॉवेल लावून झोपलो आणि सकाळी पिळले. उघडमीट करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या खिडक्या वरच्या लेव्हलला आहेत, त्यांच्यातनं एक थेंब आला नाही. जो आर्किटेक्ट पाण्याचा एवढा विचार करतो त्यानं हे बघायला हवं होतं. आता त्या बदलायच्या आहेत, अर्धा खर्च त्या देणार असं ठरलंय.

दुसरी ओल. तिन्ही लेव्हलला डोंगराकडची भिंत मातीला लागून येते. खोल्यांच्या मागं मॅडमनी दोन फुटांची बोळ सोडलीय, मातीची भिंत वेगळी आणि खोलीची भिंत वेगळी, मधे गटार, आणि त्या खोल्या कोरड्या ठाक आहेत. पण सगळ्यात खालच्या लेव्हलला स्टोअर आणि बाथरूमच्या मागं जागा आणि पैसे वाचवायला बोळ दिली नाही, वॉटरप्रूफिंगवर भागवलं. ऑगस्टमधे स्टोअरच्या भिंतीला बुरशी, सासूबाईंच्या साड्यांच्या ट्रंकेला वास. एक लाख वाचवले असतील तिथं. मी आधी समजून घेतलं असतं तर दिले असते. कुणीही असं घर बांधत असाल तर मातीला लागलेली एकही खोली बोळ न सोडता बांधू देऊ नका, स्टोअर असलं तरी.

तिसरी पैशाची. अंदाज ४८ लाखांचा, झाले ६३. त्यातले १७ फक्त पाया, भिंती आणि चरांचे, जे जमिनीखाली किंवा घरामागं आहे आणि कुणाला दिसत नाही. मला त्या १७ चं दुःख नाही. पण ट्रक वरच्या रस्त्यालाच थांबणार आणि चिरे, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरनं खाली न्यावं लागणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, त्याची मजुरी अंदाजात जवळजवळ धरलीच नव्हती. आणि फी टक्केवारीवर असल्यामुळं खर्च वाढला की फी वाढते, हे बरोबर नाही. मी स्पष्ट बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि फी ४८ लाखांवरच धरली. तुम्ही हे करारातच लिहून घ्या. व्हिजिटचंपण तसंच, बारा व्हिजिट उतारावरच्या कामाला पुरत नाहीत, आमच्या एकोणीस झाल्या, वरच्या सातचे पैसे वेगळे.

वेळपण फार लागला. परवानग्या धरून खोदाई नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. आणि त्याच्या आधी, जुलै २०२३ मधे इर्शाळवाडीची दरड झाली. नाना म्हणाले बंद करा सगळं, मला घर नको. मॅडम स्वतः येऊन बसल्या त्यांच्याजवळ. उगाच धीर दिला नाही. खड्ड्यांचे रिपोर्ट काढले, आपला उतार किती, वर डोंगर किती शिल्लक, पाणी कुठनं वळवलंय, सगळं कागदावर दाखवलं, आणि म्हणाल्या की तरीपण तुमचं मन मानत नसेल तर मी आत्तापर्यंतचं काम झालं असं समजून थांबते. नानांनी दोन दिवस घेतले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे तो त्या दिवसापासून.

आणि मग २०२५ चा मे. आमचा खालचा चर आणि पाखाडीचा शेवटचा टप्पा बाकी होता, कंत्राटदाराची माणसं लग्नसराईला गावी गेलेली, सगळ्यांना वाटलं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. २५ मे लाच पाऊस आला. नुसता वळवाचा नाही, पावसाळाच. पहिल्या रात्री खालच्या नवीन भरावाची माती वाहायला लागली, पाखाडीचा दहा फुटांचा तुकडा खचला, नवरा आणि शेजारचे दोघं टॉर्च घेऊन ताडपत्र्या टाकत होते आणि मी वर नानांना सांगत होते की घराला काही झालेलं नाही. मॅडमना रात्री साडेअकराला फोन लावला, उचलला. कुठं वाळूची पोती लावायची, पाणी कुठल्या बाजूला फोडून द्यायचं ते फोनवर फोटो बघून सांगितलं, तिसऱ्या दिवशी स्वतः आल्या. पावसाळ्याच्या आधी चर पूर्ण करून घेणं ही जबाबदारी त्यांची होती की कंत्राटदाराची यावर आमचा वाद झाला, मला वाटतं दोघांचीही होती. पण घर जागचं हललं नाही. मुख्य भिंतींना केसाएवढी चीर नाही, मी प्रत्येक महिन्याला पेन्सिलीनं खुणा करून बघितल्यात. आणि ती किंजळीखालची जागा, जिथं आईंनी सांगितलं होतं, तिथं बरोबर जुलैमधे उपळ फुटली आणि नवरात्रापर्यंत वाहत होती. तिथं आता आम्ही अळू लावलंय.

उतारावर वाळा लावलाय सगळीकडं, मॅडमच्या सांगण्यावरून, त्याच्या मुळ्या दोन-तीन मीटर खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पहिल्या वर्षी त्याचा फार उपयोग होत नाही, जूनमधे लावलेला जुलैत काय धरणार, म्हणून तो घर बांधायच्या आधीच्या पावसाळ्यात लावायला हवा होता असं मला आता वाटतं. एकही मोठं झाड तोडलं नाही, दोन काजू सोडून. स्वयंपाकघराची खिडकी फणसासाठी दीड फूट सरकवलीय.

पाचपैकी द्यायचे तर मी चार देते. उतार, पाणी आणि म्हाताऱ्या माणसांचा विचार, याला पूर्ण. खिडक्या, स्टोअर आणि खर्चाचा अंदाज यासाठी एक कापला. ज्यांना सहा महिन्यात घर पाहिजे त्यांनी यांच्याकडे जाऊ नये, दोघांनाही त्रास होईल. जमीन आहे, एक पावसाळा थांबायची तयारी आहे, आणि घरातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन बोलायचंय, त्यांनी जावं. बोलणं लावायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत लावा म्हणजे त्या जुलैला जागा बघता येते.

खिडक्या मार्चमधे बदलणार आहेत. स्टोअरच्या मागं आतनं दुसरी भिंत घालून बघायचं ठरलंय, त्यानं स्टोअर दीड फूट लहान होईल. येत्या जुलैला मॅडम परत येणारेत, खुंट्या घेऊन, पाणी ठरलं तसंच जातंय का बघायला, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाल्यात. स्टोअरची ओल गेली की नाही ते त्यानंतर लिहीन.